वाचनालयासाठी मुक्त सॉफ्टवेअरची निवड : प्रकल्प नोंदी, नागपूर

१३ ऑक्टोबर २०२५

उद्या, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपतो. महाल भागातल्या या सार्वजनिक वाचनालयातले संगणक चौथ्या पिढीच्या इंटेल आय३ चे आहेत. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, म्हणजे तो रस्ता बंद. यंत्रे चांगली चालतात, टाकून देण्याचे कारण नाही. रॅम ४ ची ८ जीबी करायची, हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी बसवायची आणि त्यावर डेबियन १३ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह टाकायची, असे ठरले. सुटे भाग बर्डीच्या बाजारात मिळतात. डीडीआर३ रॅम घेताना १.५ व्होल्ट की १.३५ व्होल्ट हे मदरबोर्डवर पाहून घ्यायचे.

डेबियन १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलर येत नाही. देणगीत आलेल्या जुन्या यंत्रावर आधी कुठलेही लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारे) लिनक्स चालवून टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ द्यायचे. ‘ऑप-मोड’च्या ओळीत ६४ बिट दिसले तरच पुढे जायचे.

त्यानंतरचे मोठे काम म्हणजे प्रत्येक कामासाठी मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारे, शोधणे. आधी कामांची यादी केली, नावांची नंतर. ‘फोटोशॉपला पर्याय’ असे शोधले की डिरेक्टरी (सॉफ्टवेअरची ऑनलाइन सूची) गिंप हा चित्रसंपादनाचा प्रोग्राम दाखवते. पण इथले काम मुखपृष्ठाचे स्कॅन सरळ करून कडा कापण्याचे आहे. त्याला गिंपची गरज नाही, नवख्या स्वयंसेवकाला ते जडच जाईल. यादी अशी: ग्रंथसूची आणि देवघेव, जुन्या पुस्तिकांचे ओसीआर (स्कॅनमधून मजकूर काढणे), त्रैमासिकाची पानमांडणी, अंध वाचकांसाठी ध्वनिमुद्रण, जमाखर्च, आणि सभासदांच्या फोनवरची ॲप.

१५ ऑक्टोबर २०२५

आज फक्त डिरेक्टऱ्या पाहिल्या. प्रत्येकीत कोणाला आत घेतात आणि कोण तपासून घेते, हे समजल्याशिवाय तिथल्या नोंदीचा अर्थ लागत नाही.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची डिरेक्टरी १९९९ पासून आहे. मुक्त परवाना असलेले आणि मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारे सॉफ्टवेअरच तिथे येते, आणि परवाना माणसाने तपासलेला असतो. नोंदीत परवान्यासमोर ‘कोणी तपासला’ आणि ‘कधी तपासला’ असे रकाने आहेत. ही या डिरेक्टरीची सर्वांत मोलाची गोष्ट. मात्र ती तारीख परवाना तपासणीची असते, सॉफ्टवेअरच्या ताजेपणाची नव्हे. काही नोंदींत ती वीसेक वर्षांपूर्वीची आहे. त्यानंतर प्रकल्पाने परवाना बदललाही असेल.

डेबियनचा पॅकेज (इन्स्टॉल करायला तयार बांधलेले सॉफ्टवेअर) शोध आम्ही पहिल्या क्रमांकावर ठेवला. तिथला ‘मेन’ विभाग म्हणजे डेबियनच्या १९९७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणारे, संपूर्ण मुक्त सॉफ्टवेअर. ‘कॉन्ट्रिब’ स्वतः मुक्त, पण चालायला अमुक्त भाग मागते. ‘नॉन-फ्री’ नावाप्रमाणे. डेबियन १२ पासून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ वेगळे काढले आहे. वायफाय कार्डाच्या फर्मवेअरसाठी (उपकरण चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरसाठी) ते चालू ठेवावे लागते, त्याने बाकीचे काही बिघडत नाही. पॅकेजचा परवाना पाहायला इंटरनेटही लागत नाही: इन्स्टॉल झाल्यावर ‘यूएसआर’मधल्या ‘शेअर’च्या ‘डॉक’ फोल्डरात त्या पॅकेजच्या नावाखाली ‘कॉपीराइट’ फाइल असते.

ऑल्टरनेटिव्हटू नावे सुचवायला उत्तम आहे, कारण एका महागड्या प्रोग्रामच्या पानावर पर्यायांची रांग लागते. पण तिथे ‘फ्री’ म्हणजे पैसे न लागणारे, आणि ‘ओपन सोर्स’ हा वेगळा फिल्टर आहे. पहिलाच लावला तर फ्रीवेअर भरभरून येते. क्रम लोकांच्या लाइकवर ठरतो, त्यामुळे प्रसिद्ध नाव वर आणि योग्य नाव पाचव्या पानावर, असे होते.

फ्लॅटहब या लिनक्स ॲपच्या ऑनलाइन भांडारात मालकीचे सॉफ्टवेअरही आहे. नावापुढची ‘व्हेरिफाइड’ची खूण एवढेच सांगते की ॲप मूळ निर्मात्यानेच ठेवले आहे, परवान्याबद्दल ती काही बोलत नाही. फ्लॅटहबचा रिमोट (भांडाराचा पत्ता) जोडताना ‘सबसेट’ हा पर्याय ‘फ्लॉस’ असा दिला की फक्त मुक्त परवान्याची ॲप दिसतात. वाचनालयाच्या सगळ्या यंत्रांवर असेच जोडणार. म्हणजे उद्या कोणी स्वयंसेवकाने सॉफ्टवेअरच्या दुकानातून काही टाकले तरी ते मुक्तच असेल.

सोर्सफोर्ज हे सॉफ्टवेअर प्रकल्प ठेवण्याचे जुने ठिकाण, तेही १९९९ चेच. आता तिथे मुक्त प्रकल्पांच्या शेजारी व्यावसायिक सॉफ्टवेअरची तुलना करणारी पाने आहेत. शोधाच्या निकालात दोन्ही येतात. कोणत्या भागात आहोत ते आधी बघायचे.

भारत सरकारचे ओपनफोर्ज २०१७ पासून आहे. तिथे मुख्यतः सरकारी प्रकल्पांचा सोर्स कोड ठेवला जातो. आमच्या कामाचे तिथे थोडे, पण पंचायत किंवा महापालिकेसाठी शोधणाऱ्याने ते जरूर चाळावे.

२८ ऑक्टोबर २०२५

दिवाळीनंतर परवान्यांची तपासणी. डिरेक्टरीत ‘ओपन सोर्स’ असा शेरा दिसला की काम झाले असे समजायचे नाही. सोर्सच्या मुख्य फोल्डरात ‘लायसन्स’ किंवा ‘कॉपीइंग’ नावाची फाइल उघडायची. फाइलच नसेल, तर कोड सर्वांना दिसत असूनही सर्व हक्क लेखकाचेच राहतात. असा प्रोग्राम यादीत घेत नाही. फाइल असेल तर परवान्याचे नाव ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या मान्य यादीत आहे का ते बघायचे. मग एखाददुसरी सोर्स फाइल उघडून वरच्या ओळी वाचायच्या, कारण जीपीएल या मुक्त परवान्याच्या ‘जीपीएल २’ आणि ‘जीपीएल २ किंवा त्यानंतरची’ यांतला फरक तिथेच लिहिलेला असतो. नुसता जीपीएल २ असलेला कोड जीपीएल ३ च्या कोडाशी जोडून वाटता येत नाही.

फसवे प्रकार तीन. ‘नॉन-कमर्शियल’ अट असलेले: वाचनालय नफ्यासाठी नसले तरी वर्गणी घेते, झेरॉक्सचे पैसे घेते, आणि ही अट तिथेच अडचणीत आणते. ‘कॉमन्स क्लॉज’ जोडलेले: वर अपाची या मुक्त परवान्याचे नाव, खाली विक्रीवर बंदी. तिसरा, सोर्स दिसतो पण मुक्त नाही असा. मोंगोडीबी हा डेटाबेस २०१८ मध्ये एसएसपीएल या परवान्यावर गेला, टेराफॉर्म हे सर्व्हर उभारण्याचे साधन २०२३ मध्ये बीएसएलवर. त्यानंतर टेराफॉर्मची ओपनटोफू ही मुक्त शाखा निघाली. इलॅस्टिकसर्च हे शोधाचे सॉफ्टवेअर २०२१ मध्ये मुक्त परवान्यातून बाहेर पडले आणि २०२४ मध्ये एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्याय देऊन परत आले. ज्या डिरेक्टरीत नोंद मधल्या काळात बदलली नाही, तिथे हा सगळा प्रवास दिसतच नाही. म्हणून आमच्या तक्त्यात परवान्याच्या नावापुढे तपासल्याची तारीख आणि आवृत्ती दोन्ही लिहितो. परवाना आवृत्तीला चिकटलेला असतो. जुन्या आवृत्तीवरचा मुक्त परवाना नंतर काढून घेता येत नाही.

इलॅस्टिकसर्चचा प्रश्न आम्हाला थेट लागू होता. कोहा या ग्रंथालय प्रणालीत शोधासाठी झेब्रा किंवा इलॅस्टिकसर्च, दोन्ही चालतात. आम्ही झेब्रा घेतले. ते जीपीएलखाली आहे आणि जावा न लागल्यामुळे ८ जीबीच्या सर्व्हरला हलके जाते.

३० ऑक्टोबर २०२५

प्रकल्प जिवंत आहे का? डिरेक्टरी स्वतःही थांबते. फ्रेशमीट १९९७ ला सुरू झाले, २०११ ला फ्रीकोड झाले आणि जून २०१४ पासून तिथल्या नोंदी गोठल्या. अशा यादीतून नाव मिळते, त्यापुढे काही नाही.

रेपॉलॉजी या ठिकाणी एकाच प्रकल्पाच्या वेगवेगळ्या लिनक्स भांडारांतल्या आवृत्त्या शेजारी शेजारी दिसतात. एखादे नाव अनेक भांडारांत असेल, तर ते बांधणारी आणि दुरुस्त करणारी माणसे अनेक आहेत असा अर्थ. एकाच कोपऱ्यात असेल तर जपून. डेबियनच्या स्थिर शाखेतली आवृत्ती जुनी दिसते म्हणून घाबरायचे नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच आवृत्तीत आणल्या जातात, आकडा मात्र जुनाच राहतो. उलट बाजूने, काही सॉफ्टवेअर पुरे झालेले असते. टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामची मूळ आवृत्ती २०२१ नंतर बदललेली नाही आणि त्याने काही अडत नाही.

नाव तेच राहते आणि काम दुसरीकडे जाते, हेही होते. ओपनऑफिस अजून बहुतेक याद्यांत वर दिसते. चालते काम २०१० पासून लिब्रेऑफिसमध्ये आहे. स्कॅन केलेली पाने सरळ करणाऱ्या स्कॅनटेलरचे तसेच. मूळ प्रकल्प थांबला, एनहान्स्ड आणि फीचर्ड अशा शाखा निघाल्या, आणि त्या दोहोंतले गुण स्कॅनटेलर ॲडव्हान्स्डमध्ये एकत्र आले. डिरेक्टरीत मूळ नाव सापडले की त्याच्या कोडच्या पानावर ‘फोर्क’ची (शाखांची) यादी उघडून कोणत्या शाखेत अलीकडे काम झाले ते बघावे. आमच्या तक्त्यात ‘आत्ताचे नाव’ असा एक रकाना यासाठीच घातला.

४ नोव्हेंबर २०२५

डिरेक्टरीतून नाव घ्यायचे, फाइल घ्यायची नाही. हा नियम सर्वांना छापून दिला.

कारण ठोस आहे. २०१५ मध्ये सोर्सफोर्जवर गिंपचा विंडोज इन्स्टॉलर जाहिरातीच्या सॉफ्टवेअरसह बांधून दिला जात होता. २०१६ मध्ये मालकी बदलली आणि नव्या मालकांनी ती पद्धत बंद केली. तरी धडा तिथलाच: मधले ठिकाण कधीही बदलू शकते. गुगलवर प्रोग्रामचे नाव टाकल्यावर सर्वांत वर येणारी ओळ बहुधा जाहिरात असते. २०२२ मध्ये गिंपच्या नावाने अशीच खोटी जाहिरात फिरली होती. पत्ता प्रकल्पाच्या सोर्स कोडातल्या ‘रीडमी’तून घ्यावा, किंवा डेबियनच्या पॅकेज पानावरच्या ‘होमपेज’ दुव्यावरून.

क्रम असा. पहिले, डेबियनच्या भांडारात आहे का. टर्मिनलमध्ये ‘एपीटी पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचे नाव द्यायचे; एपीटी म्हणजे डेबियनचे पॅकेज टाकण्याचे साधन. असेल तर तिथूनच, कारण भांडाराच्या यादीवरची डिजिटल सही एपीटी आपोआप तपासते. दुसरे, प्रकल्पाचे स्वतःचे डेबियन भांडार. तिसरे, फ्लॅटहब. सुटी फाइल सर्वांत शेवटी.

सुटी फाइल घेतलीच तर चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली लांब अक्षरमाला) डोळ्यांनी जुळवायचा नाही. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे बघून माणूस ‘जुळले’ म्हणतो. फाइल आणि चेकसमची यादी एकाच फोल्डरात ठेवून ‘शा५१२सम’ला ‘-सी’ आणि ‘इग्नोर-मिसिंग’ हे पर्याय द्यायचे. ‘ओके’ आले की झाले. पण त्याच पानावरून घेतलेला चेकसम फक्त डाउनलोड अर्धवट नाही एवढेच सिद्ध करतो. ज्याने फाइल बदलली तो चेकसमही बदलेल. म्हणून सही: ‘जीपीजी’ या सही तपासणाऱ्या प्रोग्रामने ‘व्हेरिफाय’ करायचे आणि सही करणाऱ्याच्या किल्लीचा ठसा (फिंगरप्रिंट) दुसऱ्या जागेवरून पडताळायचा. ‘गुड सिग्नेचर’ आणि त्याखाली ‘ही किल्ली विश्वासू सहीने प्रमाणित नाही’ असा इशारा, दोन्ही एकदम येतात. सही बरोबर आहे, पण किल्ली त्याच माणसाची आहे हे तुम्ही जीपीजीला सांगितलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. पूर्ण ठसा, चाळीसच्या चाळीस अक्षरे, जुळवली की पुढे जायला हरकत नाही.

सही असूनही घात होऊ शकतो. मार्च २०२४ मधल्या एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या अधिकृत गठ्ठ्यांतच मागचे दार (चोरून आत शिरायची वाट) होते; त्याला चालू करणारी बांधणीची स्क्रिप्ट गिटमधल्या, म्हणजे सर्वांना दिसणाऱ्या, कोडात नव्हती. ते डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत पोचले, स्थिर शाखेत नाही. वाचनालयाच्या यंत्रांवर स्थिर शाखाच ठेवण्याचे हे मुख्य कारण.

एक स्थानिक सूचना. अपडेट चालू असताना वीज गेली तर पॅकेजे अर्धवट राहतात. सुरू झाल्यावर ‘डीपीकेजी’ला ‘कॉन्फिगर’ आणि ‘-ए’ द्यायचे, मग ‘एपीटी’ला ‘फिक्स-ब्रोकन’. सर्व्हर यूपीएसवरच.

७ नोव्हेंबर २०२५

कोहा. न्यूझीलंडमध्ये तयार झाले, जानेवारी २००० पासून वापरात, परवाना जीपीएल ३ किंवा नंतरची. डेबियनच्या पॅकेज शोधात कोहा मिळत नाही, कारण ते डेबियनच्या मूळ भांडारात नाही. प्रकल्पाचे स्वतःचे भांडार आहे. ‘डेबियनमध्ये नाही म्हणजे चांगले नाही’ असा निष्कर्ष इथे चुकतो. सर्व्हरवर डेबियन १२ ठेवले. भांडाराची किल्ली ‘एपीटी’च्या ‘कीरिंग्ज’ फोल्डरात, मग मारियाडीबी हा डेटाबेस आणि ‘कोहा-कॉमन’. अपाची या वेब सर्व्हरचे ‘रीराइट’ आणि ‘सीजीआय’ चालू करून ‘कोहा-क्रिएट’ला ‘क्रिएट-डीबी’ देऊन इन्स्टन्स (वाचनालयाची कोहाची प्रत) तयार केला. वेब इन्स्टॉलरचा पासवर्ड ‘कोहा-पासवड’ने मिळतो. कर्मचाऱ्यांची बाजू वेगळ्या पोर्टवर ठेवली असेल, तर अपाचीच्या ‘पोर्ट्स’ फाइलमध्ये तो पोर्ट ‘लिसन’ म्हणून लिहावा लागतो. तो राहिला की पान उघडतच नाही.

खरी कसोटी देवनागरी शोधाची. सुरुवातीला इंग्रजी शीर्षके सापडतात आणि मराठी सापडत नाहीत किंवा भलतीच येतात. झेब्राची मूळ मांडणी ‘सीएचआर’ या अक्षर-नकाशावर चालते आणि त्यात लॅटिन अक्षरांचा विचार आहे. मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना तो शब्दाचा भाग धरत नाही. उपाय: कोहाच्या झेब्रा फोल्डरातली ‘डिफॉल्ट.आयडीएक्स’ उघडायची, शब्द आणि वाक्यांशाच्या भागांत ‘चारमॅप’च्या ओळीपुढे हॅश लावायचा आणि ‘आयसीयूचेन’च्या (युनिकोड लिप्यांचे नियम जाणणाऱ्या पद्धतीच्या) ओळीपुढचा हॅश काढायचा. झेब्रा पुन्हा सुरू करून ‘कोहा-रीबिल्ड-झेब्रा’ला ‘-एफ’ देऊन सगळी अनुक्रमणिका नव्याने बांधायची. ‘-एफ’ राहिला तर जुन्या नोंदी जुन्याच पद्धतीने राहतात आणि फक्त नवी पुस्तके सापडतात. हा दोष ओळखायला अवघड जातो.

त्यानंतरही ‘वऱ्हाड’ अर्धवट सापडत होते. नागपूर आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची, मग १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी, त्यामुळे इथल्या जुन्या संग्रहात वऱ्हाड हा शब्द पानोपानी. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित झालेला आढळतो: एकदा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि ह, दुसऱ्यांदा साधा र, हलन्त, न दिसणारे झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह आणि ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. ग्रंथसूचीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डची पद्धत ठरवून दिली: शिफ्ट आणि जे दाबून ऱ, मग डी, मग ह. जुन्या नोंदी मार्कएडिट या ग्रंथसूचीच्या नोंदी सुधारणाऱ्या प्रोग्रामने किंवा साध्या पर्ल स्क्रिप्टने बदलता येतात. मार्कएडिट विनामूल्य आहे पण मुक्त नाही, म्हणून पर्ल.

१२ नोव्हेंबर २०२५

ओसीआर. डिरेक्टऱ्यांत खूप नावे आहेत. बहुतेकांच्या पोटात टेसरॅक्टच निघते. अपाची २.० परवाना, डेबियनच्या मेनमध्ये. मराठीचा डेटा वेगळ्या पॅकेजात आहे, ‘टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर’. तो राहिला तर मराठी वाचताच येत नाही. पीडीएफसाठी ओसीआरमायपीडीएफ, एमपीएल २.० या मुक्त परवान्याखाली.

३०० डीपीआय, ग्रेस्केल. काळे-पांढरे स्कॅन केले की जुन्या खिळ्यांच्या छपाईतली शिरोरेषा तुटते आणि एका शब्दाचे दोन होतात. दोन रकान्यांच्या पानाला पानाची मांडणी स्वतः ओळखू द्यावी. एकाच रकान्याच्या पानाला ‘पीएसएम’ (पानाच्या मांडणीचा पर्याय) ६. भाषा फक्त गरजेपुरत्या द्याव्यात: मराठी पुस्तिकेला एमएआर, मराठी-हिंदी मिश्रित असेल तर सोबत एचआयएन. इंग्रजी उगाच जोडली की डाग आणि दंड लॅटिन अक्षरे म्हणून वाचले जातात. डेबियन देते तो वेगवान डेटा. अस्पष्ट छपाईसाठी ‘बेस्ट’ डेटा टेसरॅक्टच्याच भांडारातून उतरवून पाहावा. वेळ जास्त घेतो.

१८ नोव्हेंबर २०२५

सभासदांच्या अँड्रॉइड फोनसाठी एफ-ड्रॉइड हे मुक्त ॲपचे भांडार. बहुतेक ॲप ते स्वतः सोर्समधून बांधतात, म्हणून प्ले स्टोअरपेक्षा नवी आवृत्ती काही दिवस उशिरा येते. पानावरचे ‘अँटी-फीचर’चे शेरे वाचावेत: ‘नॉनफ्रीनेट’ म्हणजे ॲप मुक्त पण अमुक्त सेवेवर अवलंबून, ‘ट्रॅकिंग’ म्हणजे माहिती पाठवते, ‘नोनव्हल्न’ म्हणजे ज्ञात दोष आहे. शेवटचा शेरा दिसला की घ्यायचेच नाही. पुस्तकांसाठी केओरीडर, पॉडकास्टसाठी अँटेनापॉड निवडले.

प्ले स्टोअरचे ॲप फोनवर आधीच असेल तर एफ-ड्रॉइडची प्रत त्यावर सहसा बसत नाही, कारण सहीची किल्ली वेगळी असते. आधी ॲपमधला डेटा ‘एक्सपोर्ट’ करायचा, मग काढायचे, मग नवे टाकायचे. क्रम उलटा झाला तर वाचनखुणा जातात.

२२ नोव्हेंबर २०२५

तक्ता पुरा केला. पानमांडणीला स्क्राइबस, ध्वनिमुद्रणाला ऑडॅसिटी, दोन्ही डेबियन मेनमधून. जमाखर्चासाठी ग्नूकॅश: रोजकीर्द आणि खतावणीला चांगले, जीएसटी विवरणपत्र मात्र ते भरून देत नाही. हिशेब तपासनिसांना पीडीएफ आणि सीएसव्ही चालेल असे आधी विचारून घ्यावे.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या डिरेक्टरीत आम्हाला दिसलेल्या जुन्या आवृत्ती-क्रमांकांच्या आणि बंद पडलेल्या दुव्यांच्या दुरुस्त्या पाठवायच्या आहेत. ती विकी आहे. खाते उघडून फॉर्म भरता येतो आणि बदल तपासून मंजूर होतो. एका वेळी एकच नोंद, आणि परवान्याच्या रकान्यात बदल असेल तर लायसन्स फाइलचा नेमका दुवा सोबत. ज्यांच्या यादीवर आपण उभे आहोत त्यांना एवढे परत देणे आवश्यकच आहे. तक्त्याची पुढची तपासणी मार्चमध्ये, उन्हाळ्याच्या सुटीची गर्दी सुरू होण्याआधी. तेव्हा परवाना, आत्ताचे नाव आणि रेपॉलॉजीवरची आवृत्ती हे तीनच रकाने पुन्हा भरायचे.